समुद्रावरचा पहारा

फ्रान्स देशाच्या पश्चिम टोकाला ब्रेस्ट नावाचे एक बंदर आहे. निसर्गानेच या बंदराला जणू तटबंदी बांधून दिली आहे. आत विस्तीर्ण व शांत उपसागर, त्याच्याभोवती उंच किनारा आणि समुद्रातून आत शिरण्यास जेमतेम दोन किलोमीटर रुंदीची एक चिंचोळी सामुद्रधुनी. तिच्या दोन्ही काठांवर फ्रेंचांच्या तोफा सज्ज असत. अशा बंदरात घुसणे म्हणजे मृत्यूच्या दाढेत उडी घेण्यासारखे होते. इ. स. १८०३ च्या मे महिन्यात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील युद्धाला पुन्हा तोंड लागले, तेव्हा इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्टवर हल्ला केला नाही. ते बंदराबाहेर येऊन उभे राहिले आणि तेथेच राहिले. उन्हाळा सरला, हिवाळा आला, वादळे उठली, वर्ष उलटले. तरी क्षितिजावरची ती पांढरी शिडे काही नाहीशी झाली नाहीत.

किल्ल्याला वेढा घालून आतील शिबंदीची रसद तोडतात, त्याचप्रमाणे शत्रूच्या बंदरांना समुद्रातून वेढा घालून त्याचा व्यापार तोडणे, या युद्धप्रकाराला नाकेबंदी म्हणतात. किल्ल्याच्या वेढ्यात काही शे किंवा काही हजार माणसे सापडतात. नाकेबंदीत मात्र सारे राष्ट्रच सापडते. त्यात सैनिक असतात, तसेच विणकर, कोळी, दुकानदार आणि लहान मुलेही असतात.

त्या काळी आगगाड्या नव्हत्या. रस्ते खडबडीत होते व पावसाळ्यात ते चिखलाने भरून जात. एका मध्यम आकाराच्या गलबतात जेवढा माल राही, तेवढा वाहून नेण्यास शेकडो गाड्या जुंपाव्या लागत. म्हणून जड माल समुद्रमार्गेच नेण्याची वहिवाट होती. फ्रान्सची साखर, कॉफी, कापूस आणि नीळ ही सारी समुद्रापलीकडून येत. ब्रेस्टच्या गोदीला लागणारे लाकूड, डोलकाठ्या, दोरखंडांसाठी ताग, डांबर, एवढेच काय, तोफासुद्धा किनाऱ्याकिनाऱ्याने जहाजांतूनच आणाव्या लागत. समुद्र बंद झाला की गोदीतील सुतारांचे हातोडे आपोआप थंडावत. जहाजे बंदरात नुसती पडून राहत. त्यांवरील खलाशांना खुल्या समुद्राचा सराव उरत नसे. एकही तोफगोळा न उडवता शत्रूचे आरमार दुबळे करण्याचा हा मार्ग होता.

परंतु शिडाच्या जहाजांनी असा पहारा करणे सोपे नव्हते, कारण त्यांचा खरा धनी वारा होता. ब्रेस्टच्या समुद्रावर बहुधा पश्चिमेकडून वारा वाहतो. तो जोराने वाहू लागला म्हणजे पहाऱ्यावरची जहाजे खडकाळ किनाऱ्याकडे लोटली जात. अशा वेळी त्यांना इंग्लंडच्या टॉर्बे या उपसागरात आश्रय घ्यावा लागे. पण गंमत अशी की, जो वारा इंग्रजांना पळवून लावी तोच वारा फ्रेंचांनाही बंदराबाहेर पडू देत नसे! वारा फिरून पूर्वेकडून वाहू लागला म्हणजे ब्रेस्टचा दरवाजा उघडे, आणि त्याच वाऱ्यावर इंग्रज जहाजेही पहाऱ्याच्या जागी परत येण्याची धडपड करीत. म्हणून आरमाराच्या अधिकाऱ्यांचे डोळे शत्रूकडे असत त्याहून अधिक आकाशाकडे आणि डोलकाठीवरच्या निशाणाकडे लागलेले असत.

लहान व चपळ युद्धनौका खाडीच्या तोंडाशी अगदी जवळ राहत. बंदरात किती डोलकाठ्या दिसतात, किती जहाजांनी शिडे चढविली आहेत, हे त्या दररोज मोजीत आणि निशाणांच्या खुणांनी दूर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना कळवीत. हे काम फार धोक्याचे होते. पाण्याखालच्या सगळ्या खडकांची नोंद नकाशांत नव्हती. १८०४ च्या मार्च महिन्यात ‘मॅग्निफिसंट’ नावाची मोठी युद्धनौका अशाच एका खडकावर आपटून बुडाली. तिच्यावरील माणसे सुदैवाने बचावली. पण त्यांतील काही ज्या होड्यांतून निसटली त्या वाहत जाऊन फ्रेंच किनाऱ्याला लागल्या, आणि पहारा करणारेच कैदी झाले.

या आरमाराचा सेनापती विल्यम कॉर्नवॉलिस हा होता. भारताच्या इतिहासात बंगालच्या कायमधाऱ्यामुळे प्रसिद्ध असलेला गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा तो धाकटा भाऊ. थोरल्या भावाचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. धाकट्याने वर्षानुवर्षे वादळांत उभे राहून केलेल्या कामात मात्र एकही झगमगता विजय नसल्यामुळे त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

एवढा दीर्घ काळ समुद्रावर राहणे कशामुळे शक्य झाले? त्याला मुख्य कारणे दोन होती. पहिले कारण तांब्याचे. लाकडी जहाजाच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटून त्याचा वेग मंदावतो, आणि सागरी किडे त्याचे लाकूड पोखरतात. इंग्रजांनी आपल्या जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे मढविले, त्यामुळे वरचेवर गोदीत परतण्याची गरज कमी झाली. दुसरे कारण लिंबाचे. पूर्वी ताजी फळे व भाजीपाला न मिळाल्यामुळे लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमाही पुन्हा उघडत, आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टराने एका जहाजावरील बारा रोग्यांवर प्रयोग केला. त्याने दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगवेगळा उपचार दिला. ज्यांना संत्री व लिंबे मिळाली ते दोघे सर्वांत लवकर बरे झाले. एवढा स्पष्ट पुरावा हाती असूनही आरमारात लिंबाचा रस सर्रास देण्याचा निर्णय व्हायला १७९५ साल उजाडले. सरकारी दप्तरे कित्येकदा शिडाच्या जहाजांपेक्षाही संथ चालतात! पुढे तर पहाऱ्यावरच्या जहाजांकडे इंग्लंडहून लिंबे, कांदे आणि जिवंत बैलसुद्धा पाठविण्यात येऊ लागले.

खलाशांचे जिणे मात्र कष्टाचे होते. त्यांतील पुष्कळांना बंदरांतून व व्यापारी जहाजांवरून बळजबरीने पकडून आणलेले असे. एकदा जहाजावर चढले की घर पुन्हा केव्हा दिसेल याचा नेम नसे. पळून जातील या भीतीने जहाज स्वदेशाच्या बंदरात असतानाही त्यांना किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी सहसा मिळत नसे. शत्रूचे व्यापारी जहाज हाती लागले तर न्यायालयाच्या निर्णयानंतर ते विकून आलेले पैसे वाटले जात. पण त्यांतला मोठा वाटा कप्तानाकडे जाई, आणि खलाशाच्या पदरात पडे ते थोडकेच. लढाईत मेलेल्या इंग्रज खलाशांपेक्षा रोगाने, अपघाताने आणि वादळात मेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती.

अधिकाऱ्यांनाही यातून सुटका नव्हती. कथबर्ट कॉलिंगवुड हा त्या काळचा एक थोर नौसेनापती. १८०३ साली तो घरून निघाला तेव्हा त्याच्या दोन्ही मुली लहान होत्या. त्यांनी काय वाचावे, काय शिकावे, याविषयी तो जहाजावरून पत्रे लिही. सोबतीला त्याचा बाउन्स नावाचा कुत्रा असे. कॉलिंगवुडला झाडांचा मोठा नाद होता. रजेवर घरी असताना तो खिशात ओक वृक्षाच्या बिया भरून फिरायला जाई आणि जागा दिसेल तेथे एकेक बी मातीत खोचून ठेवी. पुढे-मागे आरमाराला लाकूड कमी पडू नये, हा त्याचा हेतू. ब्रेस्ट, काडिझ, भूमध्य समुद्र अशा एकामागून एक पहाऱ्यांवर त्याची सात वर्षे गेली. प्रकृती ढासळल्यावर त्याला परत येण्याची परवानगी मिळाली खरी, पण १८१० च्या मार्च महिन्यात परतीच्या वाटेवर जहाजातच त्याचा अंत झाला. मुलींची भेट झालीच नाही. त्याने लावलेले ओक तोडण्याजोगे होईपर्यंत युद्धनौका लोखंडाच्या होऊ लागल्या होत्या.

२१ ऑक्टोबर १८०५ या दिवशी स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रॅफल्गार येथे नेल्सनच्या आरमाराने फ्रेंच व स्पॅनिश आरमारांचा संयुक्त पराभव केला. नेल्सन स्वतः त्या लढाईत पडला. ही लढाई जगप्रसिद्ध आहे, म्हणून तिचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, या विजयानंतरही पहारा उठला नाही; उलट तो अधिकच आवळला गेला.

फ्रान्सचा सम्राट नेपोलियन हा जमिनीवर अजिंक्य मानला जात होता. पण समुद्र त्याच्या हाती नव्हता. तेव्हा त्याने उलटा वेढा घालण्याचे ठरविले. २१ नोव्हेंबर १८०६ रोजी बर्लिन शहरातून त्याने एक फर्मान काढले. इंग्लंडच्या बेटांची नाकेबंदी केली आहे, त्यांच्याशी कोणीही व्यापार करू नये, पत्रव्यवहारही करू नये, इंग्रजी माल जेथे सापडेल तेथे जप्त करावा, असा त्याचा आशय होता. नाकेबंदी जाहीर झाली, पण ती करायला जहाजे कोठे होती? नेपोलियनची योजना निराळी होती. इंग्लंडला समुद्रातून कोंडता येत नाही, तर युरोपची सारी दारे आतून लावून घ्यावीत, म्हणजे इंग्रज व्यापाऱ्यांचा माल वखारींत कुजेल आणि त्यांचे सरकार शरण येईल, असा त्याचा हिशेब होता.

इंग्लंडने यास १८०७ साली प्रत्युत्तर दिले. फ्रान्सकडे जाणाऱ्या परक्या जहाजांनी आधी इंग्लंडच्या बंदरात यावे आणि तेथे कर भरावा, नाहीतर जहाज जप्त होईल, असा हुकूम त्याने काढला. त्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात नेपोलियनने मिलान शहरातून दुसरे फर्मान काढले: जे जहाज इंग्लंडला कर भरील ते फ्रान्स जप्त करील. आता या युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या एखाद्या अमेरिकन कप्तानाने काय करावे? कर भरला तर फ्रेंच पकडणार, न भरला तर इंग्रज पकडणार. दोन बलाढ्यांच्या भांडणात तटस्थाची अशी कोंडी झाली. डेन्मार्कचे आरमार फ्रान्सच्या हाती पडेल या भयाने इंग्रजांनी १८०७ च्या सप्टेंबरात कोपनहेगन शहरावर तोफा डागल्या. त्यात शेकडो नागरिक मेले. पोर्तुगालने आपली बंदरे बंद करण्यास टाळाटाळ केली, म्हणून नेपोलियनने तेथे सैन्य घुसविले. पोर्तुगालच्या राजघराण्याला जहाजांत बसून ब्राझीलचा आश्रय घ्यावा लागला.

या संघर्षाच्या लाटा हिंदी महासागरापर्यंत पोहोचल्या होत्या. मॉरिशस बेट तेव्हा फ्रेंचांकडे होते. तेथून निघणारे फ्रेंच लुटारू कप्तान बंगालच्या उपसागरात इंग्रजांची व्यापारी जहाजे पकडीत. १८०० साली रोबेर सुरकूफ याने ‘केंट’ हे मोठे जहाज पकडले तेव्हा तर फारच गवगवा झाला. अखेर इंग्रजांनी मॉरिशसची नाकेबंदी केली आणि डिसेंबर १८१० मध्ये भारतातून नेलेल्या फौजेच्या जोरावर ते जिंकून घेतले. मुंबईच्या गोदीचाही या युद्धाशी संबंध आला. तेथील कुशल पारशी बांधकाम-प्रमुख जमशेटजी वाडिया यांनी सागवानी लाकडाच्या भक्कम युद्धनौका इंग्रज आरमारासाठी बांधल्या. साष्टी बेटाच्या इंग्रजी नावावरून ‘सॅलसेट’ हे नाव मिळालेली मुंबईची एक युद्धनौका १८०८ साली दूर उत्तरेकडील बाल्टिक समुद्रात कामगिरीवर होती.

फ्रान्सच्या ताब्यातील शहरांची दशा काय झाली? बोर्दो हे एके काळी गजबजलेले बंदर. १८०८ साली तेथे असलेल्या अमेरिकन वकिलाने कळविले की, शहराच्या रस्त्यांत गवत उगवले आहे. जहाज बांधणारे, दोर वळणारे, शिडे शिवणारे, पिंपे करणारे, हमाल, सारे बेकार झाले. साखर व कॉफी श्रीमंतांच्याच कपाटात दिसू लागली. गरीब लोक चिकोरी नावाच्या वनस्पतीची मुळे भाजून त्यांची पूड उकळून पिऊ लागले. बंगालमधून लंडनला जाणारी नीळ फ्रान्सला मिळेना, तेव्हा निळ्या रंगासाठी जुन्या काळची एक युरोपीय वनस्पती पुन्हा लावावी लागली.

माल दुर्मिळ झाला की चोरटा व्यापार वाढतो. जर्मनीच्या किनाऱ्यासमोरील हेल्गोलँड हे बेट दोन चौरस किलोमीटरही नाही. १८०७ साली ते इंग्रजांनी घेतले आणि पाहता पाहता त्यावर साखर, कॉफी व कापडाच्या वखारी उभ्या राहिल्या. तेथून लहान होड्या रात्रीच्या अंधारात माल घेऊन निघत. हँबुर्ग शहरात नेपोलियनचा वकील म्हणून राहिलेल्या बुरिएन याने आपल्या आठवणींत एक मजेदार हकीकत सांगितली आहे. शहराच्या वेशीवरून वाळूच्या गाड्या नेहमी आत येत. काही दिवसांनी त्या गाड्यांत वाळूऐवजी साखर येऊ लागली. वर तेवढा वाळूचा थर! ही युक्ती उघडकीस आल्यावर एका उपनगरात प्रेतयात्रा एकाएकी वाढल्या. एवढे लोक कशाने मरतात, असा संशय येऊन पहारेकऱ्यांनी शववाहिनी उघडली, तर आत साखर, कॉफी आणि नीळ! याच बुरिएनला फ्रेंच सैन्यासाठी गरम कपड्यांची तजवीज करायची होती, आणि त्याने त्यासाठी इंग्लंडचेच कापड मागविले, हेही त्याने लिहून ठेवले आहे. कायदा करणाऱ्या राज्याच्या सैनिकांनाच तो कायदा मोडल्याशिवाय अंगभर कपडा मिळत नव्हता.

१८१० साली नेपोलियनने इंग्रजी माल जाळून टाकण्याचा हुकूम सोडला. भर चौकात कापडाच्या गठ्ठ्यांना आग लावण्यात येई. कुडकुडणाऱ्या लोकांसमोर उबदार कापड जळत होते.

इंग्लंडलाही या युद्धाची झळ लागल्यावाचून राहिली नाही. १८११ साली गिरण्यांतील माल पडून राहिला, मजुरी घटली आणि भाकरी महागली. नॉटिंगहॅमच्या परिसरातील विणकाम करणाऱ्या कामगारांनी रात्री जमून यंत्रे फोडली. सरकारने १८१२ साली त्या अपराधाला देहान्ताची शिक्षा ठेवली. एक गोष्ट मोठी आश्चर्याची आहे. १८१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई असताना नेपोलियनने खास परवाने देऊन फ्रान्सचे धान्य इंग्लंडला विकू दिले. धान्याच्या बदल्यात शत्रूचे सोने आपल्याकडे येईल, एवढाच विचार त्याने केला. शत्रूचे पोट मोकळे ठेवून त्याची तिजोरी रिकामी करण्याचा हा बेत हिशेबात कितीही चतुर दिसला, तरी ज्या युद्धासाठी त्याने आपल्या प्रजेची साखर बंद केली होती, त्याची धार त्याने आपल्याच हाताने बोथट केली. अमेरिकेचा संताप तर १८१२ च्या जूनमध्ये युद्धापर्यंत गेला. १८ जून रोजी अमेरिकेने युद्ध पुकारले आणि पाचच दिवसांनी, २३ जून रोजी, इंग्लंडने ते जाचक हुकूम मागे घेतले. पण शिडाच्या जहाजाने बातमी पोहोचायला कित्येक आठवडे लागत; तोवर तोफा सुरू झाल्या होत्या.

नेपोलियनला सर्वांत महाग पडला तो रशिया. १८०७ साली रशियाच्या बादशहाने इंग्लंडशी व्यापार बंद करण्याचे वचन दिले होते. पण रशियाचे लाकूड, ताग, चरबी यांचे मोठे गिऱ्हाईक इंग्लंडच. व्यापार थांबला तशी रशियाच्या नाण्याची किंमत उतरली व जमीनदार कुरकुरू लागले. ३१ डिसेंबर १८१० रोजी बादशहाने आपली बंदरे तटस्थ जहाजांना खुली केली आणि फ्रान्सच्या चैनीच्या मालावर जबर कर बसविला. दोघांत इतर तंटेही होतेच. पण एवढे एक दार उघडे राहिले तर सारे कोंडणेच फुकट जाते, हे नेपोलियन जाणून होता. जून १८१२ मध्ये पाच लाखांहून अधिक सैन्य घेऊन तो रशियात शिरला. त्या मोहिमेतून फारच थोडे लोक परतले. एप्रिल १८१४ मध्ये त्याला सिंहासन सोडावे लागले आणि फ्रेंच बंदरांपुढची शिडे दूर झाली.

साखरेची गोष्ट सांगायची राहिली. युद्धापूर्वी फ्रान्सची बहुतेक साखर कॅरिबियन समुद्रातील सँ दोमिंग या वसाहतीतून येई. तेथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून उसाचे मळे कसवून घेत. १७९१ साली त्या गुलामांनी बंड केले आणि १८०४ साली हैती हे स्वतंत्र राष्ट्र स्थापन झाले. उरलेल्या वसाहतींची वाट इंग्रज जहाजांनी अडविली. तेव्हा फ्रान्समध्ये साखरेसाठी दुसरी वाट शोधणे भाग पडले. बीट या कंदात साखर असते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ याने १७४७ सालीच दाखविले होते, आणि त्याचा शिष्य आखार्ड याने नव्या शतकाच्या आरंभी सायलेशियात पहिला कारखाना काढला होता. मार्च १८११ मध्ये नेपोलियनने ३२,००० हेक्टर जमिनीत बीट लावण्याचा हुकूम दिला. पॅरिसजवळील पासी येथे बेंजामिन देलसेर हा गृहस्थ बीटपासून चांगली पांढरी साखर काढण्यात यशस्वी झाला. २ जानेवारी १८१२ रोजी सम्राट स्वतः तो कारखाना पाहण्यास गेला आणि त्याने आपल्या छातीवरचे सन्मानपदक काढून देलसेरच्या छातीवर लावले.

युद्ध संपल्यावर उसाची साखर पुन्हा जहाजे भरभरून येऊ लागली आणि बीटचे बहुतेक कारखाने बंद पडले. थोडे मात्र कसेबसे तग धरून राहिले. हळूहळू त्यांची कृती सुधारली, शेतकऱ्यांनी अधिक गोड जातीचे कंद निवडून लावले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगात उसाच्या साखरेपेक्षा बीटची साखरच जास्त होऊ लागली. आज उसाने पुन्हा आघाडी घेतली आहे. परंतु उत्तर फ्रान्समध्ये शरद ऋतूत शेतांच्या कडेला बीटच्या कंदांचे लांबच लांब ढीग रचलेले अजूनही दिसतात.